नावा ओढायला डिझेल की पेट्रोल

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६ वाजून १० मिनिटं. शेडच्या दारात स्टुलावर बसून पट्टीने रकाने आखत होतो.

आजपासून काम सुरू. तळ्याचं पाणी उतरू लागलंय. पंचवीस तारखेपर्यंत ठेकेदाराच्या चौदाही नावा एकेक करून चाकांच्या गाड्यावर चढवायच्या आणि उतारावरून वर शेडमध्ये ओढून आणायच्या. मग दुरुस्ती, मग रंग. पंचवीसनंतर पाणी उताराच्याही खाली जातं आणि नावा चिखलात बसतात. बसल्या तर वर्षभराचं काम पलीकडच्या काठावरच्या शेडला जाईल, असं ठेकेदाराने ताईला स्वच्छ सांगितलंय.

ओढायचं काम बाबांचं. दोन वर्षांपूर्वी त्याच उतारावर ट्रॅक्टर मागे घसरून उलटला, त्यात बाबा गेले. ट्रॅक्टर भंगारात दिला. गेल्या वर्षी माणसं लावून दोरखंडाने ओढल्या. यंदा ताई म्हणाली, एटीव्ही घेऊ. चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. आणि ओढणार तू. मी हो म्हणालो. फक्त डिझेल की पेट्रोल एवढंच ठरवायचं आहे.

संकल्प: बुधवारी निर्णय. शनिवारी गाडी दारात.

बुधवार, ६ मार्च. दुपार.

निर्णय झाला. डिझेल. कमी वेगात जोर जास्त, तेल कमी खाते, उतारावर गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ताईला सांगितलं. ती एका जुन्या नावेच्या बुडाला घासकागद मारत होती. घे मग, म्हणाली. इतक्या पटकन हो म्हटल्यावर शंका आली. मोठ्या खरेदीत समोरच्याने थोडा तरी विरोध करायला हवा.

संध्याकाळी ५. डिझेलची गाडी शंभर किलोने जड आहे. जड गाडी घसरली की थांबत नाही. हा मुद्दा तक्त्यात नव्हता. निर्णय मागे.

शनिवार, ९ मार्च.

पेट्रोल. हलकी, स्वस्त, सुटे भाग लगेच मिळतात. पण मागे भरलेला गाडा असताना हलकी गाडी त्याला ओढेल, की तो तिला? शोरूमच्या सेल्समनला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा तो मला ‘सर’ म्हणाला, दुसऱ्यांदा ‘भाऊ’, तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणी उचलून सांगितलं की तो जेवायला गेलाय. तेव्हा साडेदहा वाजले होते.

त्यांच्या माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या अकरा चुका. लाल शाईने दुरुस्त करून पोस्टाने पाठवल्या. ओळख राहिलेली बरी. गाडी किती अंशांवर उलटते, ते मात्र कुठेच छापलेलं नाही. त्यासाठी वेगळं पत्र.

मंगळवार, १२ मार्च.

शोरूममध्ये चाचणी घेतली. दोन्ही गाड्यांची. चालवली सेल्समनने, मी मागे बसलो. मागून निरीक्षण नीट होतं. त्याने चढावर गाडी मध्येच थांबवून दाखवली, तेव्हा मी खाली होतो. बुटाची नाडी सुटली होती. एकदा हातात घेऊन तर बघा, म्हणाला. त्याला सांगितलं, आज फक्त आवाज ऐकायला आलोय.

डिझेलचा आवाज बाबांच्या ट्रॅक्टरसारखा आहे. याला गुण किती द्यायचे ते सुचलं नाही. रकाना मोकळा ठेवला.

गुरुवार, १४ मार्च.

तक्ता पूर्ण. सत्तेचाळीस मुद्दे. डिझेल ११८, पेट्रोल ११८. पुन्हा बेरीज केली. तेवढीच. आईने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, लाल रंगाची घे, लांबून दिसते तरी. पद्धतीत बसत नाही, पण आईचं मन मोडवेना, म्हणून रंगाचा मुद्दा घातला. दोन्ही लाल रंगात मिळतात. ११९, ११९.

पाणी चार हात खाली. खांबावर रोज चुन्याची रेघ मारून ठेवतो. रेघा सुबक येतायत.

रविवार, १७ मार्च.

ताईने रागवायला हवं होतं. रागावली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, “दोन्ही ओढतात रे. तू कधी बसणार ते सांग.” मी म्हणालो, तक्ता झाला की. आई ताटाकडे बघत राहिली. मला काही वाटलं नाही. हल्ली फारसं काही वाटत नाही. त्यामुळे डोकं स्वच्छ चालतं.

संकल्प: उद्या सहाला उतारावर जाऊन नुसतं उभं राहायचं. गाडीशिवाय. सराव म्हणून.

सोमवार, १८ मार्च.

गेलो. वरच्या टोकापर्यंत. खाली शेवाळ आहे. निसरड्यावर सराव केला तर चुकीच्या सवयी लागतात. शेवाळ खरवडायला माणूस लावला. त्याने दुपारपर्यंत उतार लख्ख केला. आता जास्तच उभा दिसतो.

गुरुवार, २१ मार्च.

ठेकेदार आला. तो मला प्रोफेसर म्हणतो. मी दहावीत दोनदा नापास आहे हे त्याला ठाऊक नसावं. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग चुन्याच्या रेघांकडे, मग माझ्याकडे. “प्रोफेसर, चार दिवस राहिले. पलीकडच्यांकडे गाडीही आहे आणि माणूसही आहे.” त्याला टॉर्क म्हणजे काय ते बैजवार समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. समजूतदार आहे. मग विचारलं, ताई कुठाय.

शुक्रवार, २२ मार्च.

ताई सकाळी बसने गेली आणि संध्याकाळी एटीव्हीवर बसून आली. कुणा फळबागवाल्याने विकायला काढलेली. पेट्रोलची. डाव्या बाजूचा दिवा नाही, सीटवर चिकटपट्ट्या. विचारलं, कोणत्या निकषावर घेतलीस? म्हणाली, चालू होती.

हा निकष तक्त्यात नव्हता. नोंद केली.

शनिवार, २३ मार्च.

हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, गाडीवर बसलो. शेडमध्ये. इंजिन बंद ठेवून. आधी बैठक जमली पाहिजे. बऱ्याच वेळाने ताई आली. हँडलवरचे माझे हात बघितले. म्हणाली, चल, चहा घे. बोटं हँडलवरून सुटेनात. हातमोजे घट्ट आहेत. एक नंबर मोठे घ्यायला हवे होते.

सोमवार, २५ मार्च. संध्याकाळ.

चौदाही नावा वर आल्या. ताईने ओढल्या. जबाबदारीचं काम माझ्याकडे होतं. गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा.

नववी नाव आणताना ताई मध्येच थांबली. ट्रॅक्टर उलटला होता ती जागा. मी ठोकळा लावला आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला. ताईने मागे वळून पाहिलं. “हात काढ. ठोकळा गाडीला धरतोय, तुझे हात कशाला?” मी काढले नाहीत. “मग मीही हलत नाही,” म्हणाली. इंजिन चालू. नाव मागे लटकलेली. किती वेळ, ते लिहायचं राहिलं.

मग जरा हळू आवाजात म्हणाली, “ये, माझ्यामागे बस. चालवू नकोस. नुसता बस.”

म्हणालो, उद्या बसतो. उद्या ओढायला नाव नाही, त्यामुळे घाईही नसेल.

हात काढले. ती वर गेली.

ठेकेदाराने काम आपल्याकडेच ठेवलं. पुढच्या वर्षीपासून ओढायला ड्रायव्हर ठेवू, असं ताई म्हणाली. मी म्हणालो, निवड माझ्याकडे दे, उमेदवारांचा तक्ता करावा लागेल. बरं, म्हणाली. आई तिथेच होती. ती उठून आत गेली.

आजवरचा हिशोब. फायली, पट्टी, लाल शाई: १४०. पोस्ट: ३५. शोरूमला जाऊन येऊन बसभाडं: १२०. शेवाळ: ५००. हेल्मेट आणि हातमोजे: १८५०. एकूण खर्च: २६४५. ताईला देणं: २६४५.

पेट्रोल सव्वातीन लिटर लागलं. ते ताईने घातलं. डिझेल असतं तर सव्वादोनमध्ये भागलं असतं.