भरल्या माळ्याखालची तुळई

४ जानेवारी १९९८, मूल
रोजे चालू. दुपारी अंग हलकं हलकं लागते, झोपेत चालून राह्यल्यासारखं. अशातच यमुनाबाई आली, मासोळ्यांची पाटी डोक्यावरच. गावच्या तलावातले मासे आणून गुजरीच्या बाजारात विकते, लय वर्सापासून. म्हणे, "रशीदभाऊ, गुजरीमागचं गुलाबभाऊचं घर घ्याचं मनात हाये. तुमी ठोकून पाहा. तुमी हो म्हनलं का मी घेतलं."
गावात घर घेनारा आधी मलेच नेते. लाकूड ठोकाचं, भिंतीले ओळंबा लावाचा, आन मंग हो नाईतर नाई सांगाचं. अब्बा हेच करत.
जाता जाता सांगून गेली, लेकीचं, मंदाचं पहिलं बाळंतपण चैतात हाये. "माह्ये तिन्ही लेकरं तीन बांबूच्या तिकाटण्याले लटकून वाढले, भाऊ. झोपडीत तुळईच नाई. नातवाचा पाळणा तरी तुळईले बांधीन."
हे बोलताना बाई लाजली. साठीची बाई. बरं वाटलं पाहून.

११ जानेवारी
गुलाबभाऊच्या घरी गेलो, अवजाराची थैली घेऊन. ओळंबा सोडला, भिंत खालपर्यंत सरळ. पाण्याची नळी धरली, ओटा एक बोट उतरता, चालते. छपराच्या कवेलूखाली आरसा फिरवला, कुठीच ऊन गळून नाई राह्यलं.
तुळईजवळ आलो. गुलाबभाऊ म्हणे, अस्सल साग. वर हिरवा ऑइलपेंट. आतून पोकळ हाये का ते टोचून पाहाले मी दाभण काढलं तं माहा हातच धरला. "भोकं नोको पाडू गा, कालच रंग मारला." बरं म्हनलो. माळ्यावर धानाचे पोते, छपरापर्यंत गच्च. नव्या धानाचा वास असा सुटला होता का डोळे मिटून राह्यले.
हातोडीनं ठोकली. ठक, ठक, ठक. भरीव. या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पास म्हनलो. यमुनाबाई संगंच होती, तिनं तुळईले खालूनच हात जोडले.

१३ जानेवारी
दुपारी चटईवर डोळा लागला. सपनात तुळईच्या आत चालून राह्यलो. लंबा रस्ता, दोन्ही बाजूनं मातीचे नळे, वरून धान सांडून राह्यलं, पन आवाज नाई. पुढं अब्बा उभे. नुसती मान हलवली.
उठलो तं अब्बाची गोष्ट आठवली. भरल्या माळ्याचं घर पाहू नये, बेटा. धानाच्या वजनानं तुळई दबून रायते, आतून पोकळ असली तरी भरीव बोलते. घर पाहाचं तं दिवाळीच्या आधी, माळा रिकामा असते तवा.
चाळीस वर्सं हेच पाळत आलो. परवा कसा इसरलो?
रोजा होता म्हनून, असं मनाले सांगितलं. मनानं नाई ऐकलं.

३० जानेवारी
ईद. ईदगाहावर हजार मानूस. दुआ चालू, मी हात वर करून, आन इमामसायबाचा आवाज नुसता उजवीकडून. डाव्या बाजूनं कापूस.
घरी येऊन मनगटावरचं घड्याळ काढलं. उजव्या कानाले लावलं, टिकटिक. डाव्याले लावलं, काहीच नाई. पुन्हा उजव्याले. पुन्हा डाव्याले. शमीम शिरखुर्मा घेऊन मागं उभी होती. म्हणे, "कबसे आवाज दे रही हूँ. दो साल से यहीच चल रहा. तुमको बोलूँ तो मुझपेच चिडते."
दोन साल.
लाकूड कापाच्या आरा मशीनवर अठरा वर्सं उभा होतो, मशीन डाव्या हाताले. आन तुळई ठोकताना मी डावाच कान लावतो. अब्बाची सवय, तीच माही.
शिरखुर्मा गोड होता. खाल्ला नाई गेला.

९ फेब्रुवारी
य. बाई नव्या घरात गेली. तलावाजवळची झोपडी मोडली, बांबू जावयानं आरमोरीले नेले. माह्या घरी पाटीभर मासोळ्या पाठवल्या, वर केळीचं पान झाकून. गुलाबभाऊचे पोते अजून माळ्यावरच, महिनाभरात नेतो म्हनला.
जाऊन सांगाव का? काय सांगाव? का रशीद मिस्त्री बहिरा झाला? उद्यापासून कोन बोलावते मले?
मासोळ्या शमीमनं तळल्या. घरभर वास. मी लय वेळ खिडकीत बसलो.

३ मार्च
मोहाची फुलं पडून राह्यली. जंगलाकडून वारा आला का अख्खं गाव पेंगते. बाजारात य. बाई भेटली. "पोते गेले, भाऊ. माळा मोकळा झाला. आता पाळण्याच्या कड्या तुमीच ठोका, तुमचा हात चांगला हाये."
येतो म्हनलो. कवा ते नाई सांगितलं.
घरी येताना रस्ताच चुकलो. रोजचा रस्ता. तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. पान्यात गाव उलटं दिसत होतं, सगळ्या घरायच्या तुळया सरळ.

२२ मार्च
आज गेलोच. आधी सगळं सांगून टाकलं, ओट्यावर उभ्यानंच. कानाचं, भरल्या माळ्याचं, दाभण न मारल्याचं. य. बाई मासे साफ करून राह्यली होती, हात थांबला. मंग म्हणे, "तुमच्या एका 'हो'वर मी माही झोपडी मोडली, भाऊ."
मी मान खाली घातली. शरम वाटली, दुसरं काय.
मंग तीच उठली. दाभण माह्या थैलीतून काढून मले देल्लं. "मारा. आता माहं घर हाये. मी पाडू देतो भोकं."
भिंतीजवळ मारलं. रंग फुटला आन दाभण दोन बोटं लोण्यात गेल्यावानी गेलं. बाहेर काढलं तं टोकाले वली माती. उधई. पुढं मारलं, एक बोट. मधात मारलं, अडलं. सागच हाये, पन वरचा कच्चा भाग खाल्ला, गाभा बाकी हाये. किती बाकी, ते दाभण नाई सांगत. ते आवाजानंच समजते.
उजवा कान लावून ठोकली. कुठी ठक, कुठी ढप. डाव्या कानाची सवय, उजव्याची भाषाच समजत नाई मले.
नवी तुळई टाकाची तं छप्पर उतरवा लागते. मंदाचे दिवस भरत आले. भिंतीजवळ बिजाच्या लाकडाचा टेकू देल्ला, पाचर मारली. पैसे काढत होती, हात धरला तिचा.

७ एप्रिल
मंदाले पोरगी झाली. सरकारी दवाखान्यात, पहाटे. दोघीही बऱ्या. य. बाई सोता सांगाले आली, मासोळ्या नाई, पेढे. डोळे वले. "काळीसावळी हाये, भाऊ, माह्यावानी."
म्या म्हनलं, "मंग तं भल्ली देखणी हाये." तवा हसली, पंधरा दिवसात पहिल्यांदा माह्याशी.

१७ एप्रिल
उद्या बारसं. दुपारी कड्या घेऊन गेलो. जिथी दाभण अडलं होतं तिथीच, मधोमध, दोन कड्या ठोकल्या. दोर बांधून पाळणा टांगला. मंग म्हनलो, आधी मी बसतो. माह्यं वजन त्या पोरीच्या बीसपट असन. य. बाई म्हणे, म्हातारपणी पाळण्यात बसता का? मंदा खाटेवरून हसली. मी बसलो. पाय वर घेतले.
झुललो हळूहळू. बाहेर ऊन, आत गारवा, पोरगी मंदाजवळ झोपलेली. डोळे मिटले तं वाटलं अब्बाच झोका देऊन राह्यले. किती वेळ गेला, कोनाले मालूम.
आन मधातच, वरून, कर्र.
का दोराचा होता? का माह्या कानातच?
"यमुनाबाई, आवाज आला?"
"नाई आला, भाऊ."
मंदा उठून बसली होती. पोरीले छातीशी धरलं. "मले आला," म्हणे.
तिघंही वर पाहत राह्यलो. पुन्हा झुललो, जोरानं. काहीच नाई आलं. आन्खीन झुललो. नाई.
निघताना य. बाई दारापर्यंत आली. म्हणे, "उद्या अकराले बाया जमतीन. तुमी हो म्हनलं तं तुळईले बांधतो. नाई म्हनलं तं मांडीवर घेऊन नाव ठेवतो. पन सांगा तुमीच."
दोन्ही कान सांगून टाकले तिले, तरी माह्याच 'हो'साठी थांबून राह्यली बाई.
घरी आलो. घड्याळ पुन्हा डाव्या कानाले लावून पाहिलं. दाभण, हातोडी थैलीत भरली. उद्या बाया जमाच्या आधीच पोचतो. काय सांगन, ते मले अजून मालूम नाई.