दुसऱ्या गिअरातली सोयरीक

॥ श्री ॥
बसवनगुडी, बंगळूर
ता. १२ जानेवारी १९६४

ती. अण्णा यांस,
धाकट्या प्राणेशचे सा. न. वि. वि.

बँकेची खुर्ची सोडून ट्रक घेणारा आपल्या घराण्यातला पहिला मूर्ख मीच, असं तू उघड्या कार्डावर लिहिलंस. ते पोस्टमननं वाचलं आणि आता सगळी गल्ली मला त्याच पदवीनं ओळखते. पुढच्या वेळी शिव्या पाकिटात घालून पाठव.

ट्रक अमेरिकन आहे. चिकमगळूरकडचा एक गोरा मळेवाला मायदेशी परतताना विकून गेला. वय झालंय, पण रुबाब काय सांगू! त्याला क्लच नाहीच. गिअर आपले आपणच बदलतात, माणसानं नुसतं बसायचं. पहिल्या दिवशी माझा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर आदळला. शेजारी अहल्याआत्या बसली होती. तिच्या कपाळावरचं टेंगूळ आता उतरलंय, राग अजून उतरायचाय.

पण अण्णा, दोन आठवडे झाले, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नाही. इंजिन बोंबलतं आणि गाडी रांगते. काल लालबागेपाशी एक म्हैस मला मागे टाकून गेली आणि जाताना वळून बघितलंन. आपला बसवंत मिस्त्री, तो अथणीकडचा, म्हणतो की गिअरपेटीला गोऱ्या मालकाची आठवण येते. तो रोज तिच्याशी इंग्लिश बोलून बघतो.

हसू नकोस. होसकोट्याच्या हणमंतराव हेडमास्तरांची कावेरी मला मनापासून आवडली आहे. मास्तर निवृत्त होऊन त्यागराजनगरात राहायला येतायत. त्यांनी सांगितलंय की सगळं बिऱ्हाड माझ्याच ट्रकमधून हलवायचं, ते स्वतः शेजारी बसणार, आणि गाडी नीट चालली तरच मुलीचा विचार करणार. महिनाअखेरीस जायचंय. तू रेल्वेच्या वर्कशॉपातला माणूस, काहीतरी उपाय कळव. नाहीतर मी जन्मभर असाच राहीन आणि सुट्टीला तुझ्याकडे येऊन रडत बसेन.

तुझा लोभ आहेच, तो वरच्या गिअरात असू दे.
तुझा,
प्राणेश


॥ श्री ॥
हुबळी
ता. १७ जानेवारी १९६४

चि. प्राणेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. म्हशीचा मजकूर मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचला. आमच्या फोरमनचा डबा सांडला.

आता नीट ऐक. डावा पाय सीटखाली दुमडून बस, जेवायला बसल्यासारखा. मग तेल बघ. गिअरपेटीचं तेल गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर बघायचं असतं. कमी असेल तर भर, जळकट वास येत असेल तर बदल. आणि त्यात भलतंसलतं तेल घालू नका. बसवंताला म्हणावं, इंग्लिश पुरे, कामाचं बोल.

आत्याला सांभाळ. आईवडिलांमागे तिनं आपल्याला वाढवलं, ते असं टेंगूळ यावं म्हणून नव्हे.

खुशाली कळवत जावी, म्हणजे इकडे घास नीट उतरतो.
हयवदन


॥ श्रीबनशंकरी प्रसन्न ॥
बसवनगुडी
ता. २० जानेवारी १९६४

चि. हयवदन यास अहल्याआत्याचे पोटभरून आशीर्वाद.

हे पत्र प्राणेशला न सांगता लिहिते आहे. तुला बनशंकरीची शपथ, यातलं अक्षरही त्याला सांगायचं नाही. आजकालची मुलं, आपलं काही केलेलं त्यांना पटत नाही.

पहिल्याच दिवशी माझं कपाळ आपटलं तेव्हाच मी ओळखलं, त्या ट्रकला दृष्ट लागली आहे रे! एवढं धूड गल्लीत उभं राहिलं की कोण बघत नाही? समोरची अंबुबाई तर खिडकीत खुर्ची टाकून बसते. म्हणून मी बनशंकरीला जाऊन लिंबाचा दिवा लावला, पिवळा दोरा मंतरून आणला आणि नवस बोलले की प्राणेशचं लग्न ठरेपर्यंत ही गाठ सोडणार नाही. दोरा बाहेर बांधला तर पोरगा ओरडेल, म्हणून इंजिनाच्या झाकणाखाली बांधला. तिथे एक बारीक दांडी आहे, पेन्सिलीएवढी. बाकी सगळं कसं घट्ट बसलेलं, आणि हीच मेली रिकामटेकडी मागेपुढे हलत होती. तिला ओढून बाजूच्या नळीला पक्की आवळली. लिंबूही अडकवलं.

पण दृष्ट फारच जबर दिसते. दोरा बांधल्यापासूनच गाडी रेंगाळायला लागली. म्हणून दर मंगळवारी आणखी एक वेढा घालते. बसवंताच्या ते लक्षात आलं होतं. त्यानं हात जोडले, दोऱ्याला न शिवता आजूबाजूचं सगळं खोललं, पुसलं आणि पुन्हा बसवलं. असा संस्कारी मिस्त्री मिळणं कठीण. प्राणेश झाकण उघडतो ते लोकांना दाखवायला, स्वतः वाकून कधी बघत नाही.

तेल बदलून झालं, काही उपयोग नाही. पोरगा जेवत नाही रे. ताटात भात चिवडत बसतो आणि कावेरीचं नाव काढलं की कान लाल होतात. तिकडे तुमच्या सिद्धारूढांच्या मठात एक नारळ फोड आणि अंगारा पाठव, तोही दांडीला बांधते.

आत्याची माया तुला ठाऊक आहेच, निराळी काय लिहू.
अहल्याआत्या


॥ श्री ॥
हुबळी
ता. २३ जानेवारी १९६४

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग डोकं धरून बसलो.

आत्या, अंगारा पाठवत नाही. ती दांडी रिकामटेकडी नाही गं! प्राणेशनं पाय किती दाबलाय, हा निरोप ती गिअरपेटीला पोचवते. तू ती ओढून बांधलीस. आता गिअरपेटीला सारखं वाटतं की पाय पार खाली दाबलाय, गाडी मोठा चढ चढते आहे. चढावर ती वरचा गिअर टाकेल कशी? तुझा एकेक वेढा वाढला की तिचा चढही वाढतो.

म्हणजे बघ काय झालंय. लग्न ठरेपर्यंत तू गाठ सोडणार नाहीस, आणि गाठ सुटेपर्यंत गाडी चालणार नाही. गाडी चालली नाही तर मास्तर मुलगी देणार नाहीत. बनशंकरीनंसुद्धा असा पेच पाहिला नसेल. मी शपथेला बांधलेला आहे, त्याला सांगणार नाही. पण तू सांग. नवस मोडायचा नसेल तर दोरा दुसरीकडे बांध. देवीला गाडी काय आणि माणूस काय, सारखंच.

रागावू नकोस. तुझ्या मायेत काही उणं नाही, फक्त ती चुकीच्या दांडीला लागली.
तुझा,
हयवदन


॥ श्री ॥
बसवनगुडी
ता. ३ फेब्रुवारी १९६४

ती. अण्णा यांस सा. न. वि. वि.

काय लिहू आणि किती लिहू! आधी आत्याचं. तुझं पत्र आल्यावर तिनं दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी मला ट्रकपाशी नेलं, स्वतःच्या हातानं दोरा सोडला आणि स्वतःच्याच मनगटाला बांधला. गाठ सोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून लग्न ठरेपर्यंत कॉफी सोडली. अण्णा, आपल्या घरात आत्या कॉफीशिवाय! दुसऱ्या दिवशी तिनं दूधवाल्याला, भाजीवाल्याला आणि अंबुबाईच्या मांजराला एकाच दमात फैलावर घेतलं. बसवंत फाटकातूनच परत गेला. लग्न लवकर ठरणं ही आता साऱ्या गल्लीची गरज झाली होती.

गाडी मात्र लोण्यासारखी चालायला लागली. शनिवारी होसकोट्याला वाऱ्यासारखा गेलो. मास्तरांना झाकण उघडून दाखवलं, दोऱ्याची गोष्टही रंगवून सांगितली. म्हटलं, आता तोंडातला विडा संपायच्या आत तुम्हाला त्यागराजनगरात उतरवतो. मास्तरांचा चेहरा पडला. मला वाटलं, जुनं घर सोडायचं दुःख असेल.

मग आत उप्पिट खाल्लं, सामान चढवलं. लोणच्याच्या बरण्या, आरशाचं कपाट, पेटी, पाटे-वरवंटे. कावेरीनं आधीच रेडिएटरात पाणी भरून ठेवलं होतं. मास्तर देवांचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसले. निघालो आणि अण्णा, पुन्हा दुसरा गिअर! वर जाईचना! माझ्या तोंडचं पाणी पळालं. बैलगाड्या पुढे गेल्या. कृष्णराजपुरमला एक पेरूवाला बराच वेळ बरोबरीनं चालत होता, त्यानं सगळ्यांची विचारपूस केली आणि कंटाळून पुढे निघून गेला. सरी, ठीक, आता संपलं सगळं, असं मनाशी म्हणत मी तोंडानं वाटेल ते बोलत राहिलो.

पोचायला संध्याकाळ झाली. मास्तरांनी एकेक बरणी उजेडात धरून पाहिली, एकीलाही तडा नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की हल्लीचे ड्रायव्हर कुत्रं मागे लागल्यासारखे पळवतात, दुसऱ्याच्या संसाराची किंमत असलेला मुलगा त्यांनी आज पाहिला. कावेरी दिली म्हणाले! मी पाया पडायला वाकलो तो उठायचंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा ठणठणीत. बसवंताचं म्हणणं, नवऱ्यामुलीपुढे लाजली असेल. आत्यानं मनगटाचा दोरा सोडून देवीला वाहिला आणि लागोपाठ तीन पेले कॉफी घेतली.

रजा आतापासून मागून ठेव, मोठ्या भावाशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही.
तुझा,
प्राणेश


॥ श्री ॥
बसवनगुडी
ता. २४ मे १९६४

ती. भावजी यांस,
कावेरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

लग्नात आपल्याशी दोन शब्द बोलायलाही मिळाले नाहीत, म्हणून लिहिते. इकडे सर्व ठीक. आत्या मला कॉफी करायला शिकवतात आणि माझी केलेली ओतून देतात. हळूहळू जमेल.

आपण वर्कशॉपातले, आणि गाडी त्या दिवशी पुन्हा का अडली हे कोडं अजून सुटत नाही असं आपण मांडवात यांना म्हणाल्याचं कानावर आलं. आपला जीव उगाच टांगणीला का ठेवू? ती दांडी मी बांधली होती. माझ्या वेणीच्या रिबिनीनं.

आमच्या बाबांना वेगाची फार भीती वाटते. बसमध्येसुद्धा डोळे मिटून वायुस्तुती म्हणत बसतात. यांना वाटलं, गाडी नीट चालणं म्हणजे जोरात चालणं. विड्याचं यांनी म्हटलं तेव्हाच मी ओळखलं की कृष्णराजपुरम यायच्या आत हे स्थळ मोडतंय. हे झाकण उघडून दांडी दाखवत होते ती मी दारातून पाहिली होती. मग उप्पिट वाढून सगळ्यांना आत गुंतवलं, रेडिएटरच्या निमित्तानं गेले आणि आत्यांनी जशी बांधली होती तशी बांधली. सामान उतरवताना रिबीन सोडून घेतली.

पण भावजी, सगळं बाबांसाठीच केलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी यांना एकदाच पाहिलं होतं, बशी देण्यापुरतं. मला काही विचारायचं असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी मागे गाद्यांवर बसले होते आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची लहान खिडकी उघडी होती. हे घाबरून गप्प बसतील असं वाटलं होतं, तर हे बोलतच राहिले. आत्यांविषयी बोलले, आपल्याविषयी बोलले, स्वतःची फजिती सांगून बाबांना हसवलं. मग तळ्याकाठच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी माझ्या आईचा विषय काढला. ती गेल्यापासून त्यांनी तो कुणापाशी काढला नव्हता. हे तेव्हा एकदम गप्प झाले. बाबांचं सगळं बोलून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलले नाहीत. फक्त गाडी आणखी हळू केली.

बाबांनी होकार संध्याकाळी दिला. माझा तळ्याकाठच्या रस्त्यावरच देऊन झाला होता.

यांना यातलं काही माहीत नाही. श्रावणात आपण सगळे इकडे या, मी चांगली कॉफी करून ठेवते.
आपली धाकटी भावजय,
कावेरी