पोटातलं वर्ष

अहो, तुम्हाला शुएचिनचा नमस्कार.

मात्सूदेवीच्या कृपेने गावी सुखरूप पोहोचले. जेवते वेळेवर, काळजी नसावी.

सोंग सम्राटांपासूनची आपली चाओ घराण्याची वंशावळ यंदा पुन्हा लिहिताहेत. सोळाच्या आत वारलेल्या मुलांची नावं तीत घालत नाहीत. मी शाळेच्या दाखल्याप्रमाणे आपला यीछन गेला तेव्हाचं वय पंधरा सांगितलं. थोरल्या काकांनी लेखणी खाली ठेवली.

आत्याबाई कडाडल्या, “मॅट्रिक ना गं तू? पोटातलं वर्ष कोण धरणार, शाळेचा मास्तर?”

मग काकांनी सोळा लिहिलं. तुमच्या नावाखाली आता तो आहे. मला रडू आलं नाही.

तुम्हाला आलं तर दुकान एक दिवस बंद राहिलं तरी चालेल.

तुमचीच,
शुएचिन