ओ द्यायची

रविवार, १ नोव्हेंबर १९९८. गास

घर लागले. वाईच्या पाठशाळेत पाणिनी घोकलेल्या माणसाने वार्ताहर व्हावे हाच मुळात अपप्रयोग. त्यावर आमच्या दैनिकाने मला वसई भागात धाडून विसर्गही दिला. पण घर झकास आहे. खाली मालक जेम्स आणि त्यांची पत्नी उर्सुला, वर आम्ही दोघे, म्हणजे मी आणि कन्यारत्न ज्ञानदा. तिची नोकरी अंधेरीत, त्यामुळे तिला हे गाव सोयीचे. सौ. शाळेचे वर्ष संपवून मे महिन्यात वाईहून येईल. निघताना तिने एकच बजावले: पोरीला अंधारात एकटी येऊ देऊ नका.

फाटकातून जेम्सना हाक मारली. ते केळींना पाणी घालत होते. आमच्याकडे बघितले आणि पाणी घालत राहिले. दुसरी हाक, तेच. तिसरीला मात्र धावत आले, सामान उचलले, चहा पाजला. बिचारे बहिरे दिसतात, असे मी ज्ञानदाच्या कानात पुटपुटलो, तर अंगणाच्या त्या टोकाहून उत्तर आले की बहिरा नाय, शास्त्री.

बुधवार, ४ नोव्हेंबर

ज्ञानदाचा परतीचा रस्ता पाहिला. डांबरी सडक लांब, आणि संध्याकाळी रिक्षावाले गासचे नाव काढताच मान फिरवतात. जवळची वाट म्हणजे बंद पडलेल्या मिठागराचा बांध. दोन्हीकडे खाडीचे दलदलीचे खाजण, मध्ये एक ओसाड पंपघर, आणि दिवा एकही नाही. कन्येला हीच वाट आवडली. म्हणाली, बाबा, मोकळी हवा आहे. मोकळी आहे खरी. इतकी मोकळी की हाकेला धरायला काही नाही.

सुदैवाने बापलेक दोघेही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओवाले. माझी ही खोड जुनी. तिने परीक्षा दिली ती मला गप्प करण्यासाठी. तिच्या पर्समध्ये छोटा सेट असतो, माझ्या टेबलावर मोठा. प्रश्न अँटेनाचा. दिशा धरून बोलणारी ‘यागी’ लावावी असे आधी वाटले. नाव एका जपानी प्राध्यापकाचे, पण आमच्यासारख्याला त्यात याग करणारा कोणी दीक्षित दिसतो. दोष एवढाच की यागी एकाच दिशेला तोंड करून बसते आणि माझी मुलगी रोज नव्या वाटेने येते. तेव्हा पितळी सळ्यांची साधी अँटेना करायची: एक उभी, चार तिरप्या खाली, कापड उडालेल्या छत्रीसारखी. ती सगळीकडे सारखेच बघते.

रविवार, ८ नोव्हेंबर

छत्री गच्चीवर चढली. खाली समोरचे प्लासिड हात कमरेवर ठेवून उभे. त्यांच्या टीव्हीत मुंग्या येतात म्हणे. मी अजून सेट चालू केला नव्हता हे सांगितले. त्यावर त्यांनी फाटकाबाहेर उभ्या चौघांना ऐकू जाईल असे सांगितले की भायेरून येतात नि आमच्या डोक्यावर काठ्या उभ्या करतात. चौघांनी माझ्याकडे बघितले. कोणी हसले नाही.

संध्याकाळी गच्चीवरून ज्ञानदाला सेटवर नावाने हाक मारून चाचणी घेतली. ती बांधावर होती, पण सेटचे बटण दाबायचे सोडून लगेच तोंडानेच मोठ्याने ओरडली: ओ, बाबा! उर्सुलाबाई पायरीवर निवडत बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या. त्यांचे म्हणणे असे की खाजणावर हाक आली तर लगेच ओ देयाची नाय. ते एकदाच बोलावते. माणूस तीनदा बोलावतो. ते म्हणजे काय, असे विचारले, तर क्रूस केला आणि भाजी घेऊन आत गेल्या.

जेम्सच्या बहिरेपणाचे निदान झाले.

शनिवार, १४ नोव्हेंबर

पंपघरापलीकडे ज्ञानदाचा आवाज बुडतो. मध्ये नवी इमारत उभी राहते आहे, तिच्यापुढे माझी छत्री ठेंगणी. उपाय म्हणजे रिपीटर, ऐकलेले पुन्हा बोलणारे यंत्र. मोठा परवडत नाही, म्हणून ‘पोपट’ बनवला. जुना टॅक्सीतला सेट, त्याला आवाज साठवणारी एक चकती. कोणी बोलले की तो ऐकून ठेवतो, आणि बोलणे संपले की तेच पुन्हा आपल्या तोंडाने बोलतो. पंपघर जेम्सच्या चुलत घराण्याचे. त्यांनी किल्ली दिली, पण स्वतः आले नाहीत. कुलपाच्या आत एका लाकडी खोक्यात पोपट, छपरावर दुसरी छत्री. माइक लावला नाही, त्याची गरजच नाही. चाचणीपुरता भोंगा तेवढा ठेवला.

पोपटाचा आवाज मूळ आवाजापेक्षा किंचित खालच्या पट्टीत येतो. शब्द दुसऱ्यांदा उच्चारला तर त्या दुसऱ्याला पाणिनी आम्रेडित म्हणतो, आणि तो खालच्या स्वरात म्हणावा असे सांगतो. पोपट सूत्र न वाचता पाळतो. आमच्या पाठशाळेत हे उलट होते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

फजिती. उर्सुलाबाईंनी दुधाचे भांडे वर पाठवले. मी सेटवरून ज्ञानदाला कळवले: ‘खालून दूध आलंय, तेव्हा येताना दूध आणायचं नाही.’ ती दोन पिशव्या घेऊन हजर. पोपटाला जागे व्हायला क्षण लागतो, त्यात सुरुवातीचे शब्द जातात; स्मृतीही दोन-तीन सेकंदांची, त्यात शेवटचा. तिला पोचले ते ‘येताना दूध आणायचं’ एवढेच.

दोष पोपटाचा की मराठीचा? संस्कृतात नकाराचा ‘मा’ वाक्याच्या आधी येऊ शकतो: मा गाः, जाऊ नकोस. मराठीने नकार शेपटीला बांधला, आणि शेपटी दारात सापडली. ठरले की आजपासून नको असेल त्या गोष्टीआधी ‘मा’ म्हणायचे. ज्ञानदा हसून म्हणाली, बाबा, मा दूध. खीर केली.

शनिवार, २१ नोव्हेंबर

गच्चीवरची केबल कोणीतरी कोयत्याने कापली. एकाच घावात. प्लासिड केळीची पाने तोडत होते, कोयता त्यांच्या हातात होता. मी बघितले, त्यांनीही बघितले. नवी केबल टाकली.

आणि एक पोपट वाढवला. स्टेशनच्या बाजूला आवाज जाईना, म्हणून आमच्या पाण्याच्या टाकीवर दुसरा बसवला. तो फक्त पहिल्याचे ऐकतो, पहिला दुसऱ्याकडे लक्ष देत नाही. तसे न करावे तर दोघे एकमेकांचे ऐकत प्रलयापर्यंत बोलत राहतील, परिसंवादात होते तसे.

गंमत म्हणजे आता मी एकदा हाक मारतो आणि ती तीन होऊन जाते. मूळ एक, पंपघरापलीकडे नुसती खरखर होऊन पोचणारी, आणि पोपटांच्या दोन. गावाचा नियम यंत्राने आपोआप पाळला जातो. ज्ञानदाही तिसरी ऐकूनच ओ देते. हे उर्सुलाबाईंना कौतुकाने सांगितले. त्यांनी विचारले की मग त्याची हाक पन तीन होनार? मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

पोपट आज आपणहून बोलला. संध्याकाळी मी दिवाबत्ती करत होतो, सेट नुसता चालू. पहिल्या पोपटातून काहीतरी आले, मग दुसऱ्यातून तेच. शब्द नव्हता. ओल्या मिठावर पाय घसरावा तसा आवाज, आणि मागून श्वास सोडल्यासारखे.

कोणाच्या तरी सेटचे बटण दाबले गेले असेल. या पट्ट्यात दुसरा सेट नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

दिवसाउजेडी पंपघर उघडले. कुलूप शाबूत. खोक्यात भोंग्याच्या जाळीवर मिठाचा पापुद्रा. बाकी कुठे मीठ नाही, फक्त तिथे. नीट पाहिला. वर गोल, खाली पाळी, मध्ये वळण. कानाचा ठसा. कोणीतरी भोंग्याला कान लावून ऐकत बसले होते. खूप वेळ.

काय ऐकले असेल? रोज संध्याकाळी तिथून एकच शब्द जातो. हॅमने बोलावताना सरकारने दिलेले चिन्ह घ्यावे असा नियम आहे. मी बापाच्या लाडाने नाव घेतो.

ठसा पुसला. किल्लीची नक्कल गावात असणार. प्लासिडच्या घरात टेपरेकॉर्डर आहे, तो मी पाहिला आहे.

बुधवार, २ डिसेंबर

ज्ञानदा माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होती. सेटमधून हाक आली.

ज्ञानदा.

मग दुसऱ्या पोपटातून तीच. आवाज माझा, खालच्या पट्टीत. मी तोंड उघडले नव्हते. तिने आधी सेटकडे बघितले, मग माझ्या ओठांकडे.

तिचे म्हणणे, टवाळ पोरांनी माझा आवाज टेप केला. माझेही तेच. पोपट बंद करा म्हणाली. मी म्हटले, चार दिवस. चालू ठेवून चोर पकडतो, बातमी छापतो. तोवर तिने सडकेनेच यायचे. बांध वर्ज्य. मा बांध, म्हणाली. या वेळी हसली नाही.

जेम्स जिन्यात भेटले. ती काठी काढा, शास्त्री, एवढेच बोलले. गेले दोन दिवस फाटकाशी कोणी माझ्याशी बोलत नाही. दूधही वर येत नाही.

शुक्रवार, ४ डिसेंबर

लिहितो. लिहिले म्हणजे क्रम राहील.

रिक्षा बंद होत्या. तिने स्टेशनजवळून सेटवर तुकड्यातुकड्यांत सांगितले: सडकेवर काळोख आहे, दोन माणसं मागे येताहेत, बांधाने येते, पळत येते. मी हो म्हटले. मीच हो म्हटले.

अजून पंपघराच्या पलीकडेच असावी, जिथे माझ्या मूळ आवाजाची नुसती खरखर होते. पहिल्या पोपटातून ओला श्वास आला, मग दुसऱ्यातून. मला कळले, आता हाक येणार. आणि तिला तीन ऐकू जाणार.

बटण दाबून ओरडलो: ‘ज्ञानदा, ऐकतेस ना, आता हाक येईल, तू ओ द्यायची नाही!’

बटण सोडले. पोपट बोलला.

‘ऐकतेस ना, आता हाक येईल, तू ओ द्यायची.’

दुसरा पोपट. ‘तू ओ द्यायची.’

पुन्हा बटण दाबले. दुसरा अजून बोलतच होता, माझा आवाज आत शिरेना. ‘मा’ म्हणायचे होते. एक अक्षर. चाळीस वर्षे घोकलेले एक अक्षर. घाबरलेल्या माणसाला मातृभाषाच सुचते, आणि ती नकार शेवटी—

मग हाक. मला दोन ऐकू आल्या. पहिली तिच्याजवळच झाली असणार.

ज्ञानदा. ज्ञानदा.

आणि तिचा आवाज. आज्ञाधारक. ‘ओ, बाबा.’

पोपटांनी तोही पुन्हा म्हटला. दुसऱ्यांदा खाली. फार खाली.

मी बांधाकडे धावलो—

शनिवार, ५ डिसेंबर

गाव उतरले खाजणात. जेम्स, प्लासिड, सगळे. कोणी कोणाला नावाने हाक मारली नाही. टाळ्या वाजवून शोधत होते.

प्लासिडना तिचा सेट सापडला. बांधावर उभा ठेवलेला. फोडला तर आत मीठ, ठासून. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले की केबल मीच कापली होती. तिच्यासाठी कापली होती. रडत होते.

चपला नाहीत. पर्स नाही. पोलीस आले, लिहून गेले. सौ.ला तार केली. तारेत काय लिहिले आठवत नाही.

दोन्ही पोपट उतरवले. चकत्या काढल्या. बॅटऱ्या काढल्या. टेबलावर ठेवले आहेत, माझ्यासमोर.

रविवार, ६ डिसेंबर

संध्याकाळ. जेम्स-उर्सुला चर्चला. खाली दार वाजले.

बाबा.

तिचा आवाज. जिन्याच्या तळाशी.

पट्टी कोणती? कळत नाही. तिचीच वाटते. जरा खाली वाटते. दमली असेल—

पोपट मुके आहेत. मी हात लावून बघितला. थंड. आता पुन्हा म्हणायला कोणी नाही. ते एकदाच बोलावते. एकदाच. थांबायचे.

मिठाचा वास आहे. खाजणात राहिली दोन दिवस, वास येणारच—

बाबा.

दुसरी. जिन्याच्या मध्यावरून. मध्ये दम घेतला, माणूस घेतो तसा. यंत्र नाही. यंत्र नाही आणि तरी दुसरी—

की शिकले? कान लावून ऐकत होते. तीन आठवडे. मीच तीन मोजायला—

मा. मा. मा. आधी लिहून ठेवतो, म्हणजे राहून जायला नको—

दाराशी आहे. ओली पावले. नखाने दार खरवडते, लहानपणी खरवडायची तशी. हे सेटवर कधी बोललो नव्हतो. हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे तीच. माझी—

बाबा.

तीन झाल्या. मी काय करायचे ते ठरले आहे. मी ओ द्यायची