मुग्धाच्या यादीत मी केलेली दुरुस्ती

अल-खोबर, सौदी अरेबिया,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

ती. विद्याताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं गोड खरंच बंद आहे, की प्रसादाच्या नावाखाली पेढे चालूच आहेत? इकडे स्मृती आणि मी खुशाल आहोत आणि मुग्धा कोरियात खुशाल आहे. हे वाक्य लिहिता यायला मला तीन आठवडे लागले, म्हणून पत्राला उशीर. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतेस आणि माझा धागा सुटतो.)

तर ऐक. मुग्धाच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी शाखाच नसते. गणित, समुद्रशास्त्र, नाच, कोबी आंबवणं (खोटं नाही, अख्खा विषय आहे), काय हवं ते घ्यायचं आणि दुसऱ्या वर्षी शाखा ठरवायची. आमच्या वेळी बारावीच्या गुणांनी शाखा ठरवली आणि आम्ही मुकाट तिच्या मागून गेलो. पण हे विषय घ्यायचे संगणकावर, ठरल्या मिनिटाला, जो आधी येईल त्याला जागा. ते मिनिट नेमकं शुक्रवारी इथल्या सकाळी आठला आलं, आमच्या कन्यका विमानात असताना. म्हणून तिने पाच विषयांचे क्रमांक लिहून दिले आणि दम्मामच्या विमानतळावर बजावलं, "बाबा, जस्ट टाइप द नंबर्स. प्लीज डोन्ट थिंक." (सव्वीस वर्षं प्लँटमधल्या भट्ट्या सांभाळणाऱ्या माणसाला हे सांगायचं!)

मी साडेसातलाच बसलो. सगळी यादी कोरियन लिपीत. मोबाइल पडद्यासमोर धरला की तो आपल्या परीने भाषांतर करतो. तीन विषय ठीक निघाले. चौथा निघाला 'मातीच्या भांड्यांची ओळख'. ताई, एकुलती एक मुलगी इतक्या लांब मडकी वळायला चाललीय? तेवढ्यात खाली दिसलं, 'प्रवाह आणि प्रतिकार'. पाइपातला प्रवाह आणि त्याला होणारा प्रतिकार हेच तर माझं आयुष्य! आठच्या ठोक्याला मी मडकी काढली आणि प्रवाह घातला. आतून स्मृतीने विचारलं, "भरलं का?" मी म्हटलं, "भरलं." त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारी आमचे शेजारी हुसेनमियाँ आले, मूळचे रत्नागिरीचे, सोबत त्यांची लेक तस्नीम. ही मुग्धाची मैत्रीण, मालिका बघून बघून कोरियन शिकलेली. मी मोठ्या ऐटीत तिला पडदा दाखवला. तिने वाचलं आणि माझ्याकडे जरा जपूनच बघितलं. "काका, ह्या कविता आहेत. त्यांच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या."

"आणि ते मडक्यांचं?"

"मडकी नाहीत, काका. सिरॅमिक्स. मटेरियल्स इंजिनीअरिंगचा पहिला विषय. तो नसेल तर दुसऱ्या वर्षी ती शाखा मिळत नाही."

तो विषय वर्षातून एकदाच असतो आणि चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या. माझ्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावलेल्या असतात ना, त्या सिरॅमिकच्याच! हुसेनमियाँ हळूच म्हणाले, "रत्नाकरभाई, पोरीनं नंबर दिले होते ना? मग डोकं कशाला चालवलंत?" स्मृती काहीच बोलली नाही, आणि ते 'काहीच नाही' दहा दिवस टिकलं.

मुग्धा उतरल्यावर मीच फोनवर कबूल केलं. मग ती मराठीत बोलली. (ती फार दुखावली तरच माझ्याशी मराठीत बोलते.) "बाबा, मला तुमच्यासारखं भट्ट्यांचं काम करायचं होतं. शाखा मिळाल्यावर तुम्हाला सांगणार होते." मी एसीचा आवाज येतोय असं सांगून फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

पोरगी मात्र खंबीर. पहिल्याच सोमवारी सिरॅमिक्सच्या प्राध्यापकबाईंच्या दारात उभी राहिली आणि सगळं खरं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले म्हणे, हसून हसून. मग म्हणाल्या, "वडिलांना सांग, भट्टीतल्या विटांना तडे का जातात ते दोन पानं लिहून पाठवा. मग तुझी एक्केचाळिसावी खुर्ची." मी सहा पानं लिहिली. २०१४ साली मी घाईघाईने भट्टी तापवली आणि आतली अर्धी भिंत कोसळली, तेही लिहिलं. (ऑफिसात तेव्हा दोष विटांचा ठरला होता. हे मी प्रथमच कुणाला सांगितलं.) काल मुग्धाचा फोन आला. नाव लागलं! माझी भिंत बाईंनी वर्गात वाचून दाखवली, 'असं करू नये' या मथळ्याखाली. कविताही तिने सोडल्या नाहीत, त्याच सगळ्यात आवडतायत म्हणाली. फोन ठेवला आणि मी भरदुपारी चार तास घोरत पडलो. स्मृतीने उठवलं नाही, उलट अंगावर पांघरूण घातलं. यावरून काय ते समज.

तुझा,
रत्नाकर

ता. क. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मुग्धाचे सगळे विषय मीच निवडून दिले असं तिला सांगून बसलोय.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. तुझ्या हर्षवर्धनला पुढच्या सत्राचे ऐच्छिक विषय भरायचेत म्हणून तू मला त्याचा पासवर्ड पाठवलास. तो आजच्या आज बदलायला सांग, आणि नवा मला देऊ नकोस, कितीही मागितला तरी.

ता. क. तिसरा. बदलण्याआधी त्याला यादी एकदा उघडून बघू दे. 'संगीत' होतं तिथे आता 'यंत्रांची कंपनं' दिसेल. सोमवारपर्यंत पहिल्यासारखं करता येतं, मी चौकशी केलीय. म्हणूनच या पत्राचे फोटो दाजींच्या मोबाइलवर पाठवतोय.