दोन्या कासिमिराच्या वहीला वाचा फुटली

युकीती, ९ मे

प्रिय कोंपाद्रे सिन्फोरियानो यास,

तेओदोसियोचा आदरपूर्वक नमस्कार. (तुझ्या लेकीचा धर्मबाप झाल्यापासून तुला नुसत्या नावाने लिहायला हात धजत नाही, पण ज्याच्याबरोबर शाळा बुडवून पेरू चोरले त्याला ‘आपण’ही म्हणवत नाही. गोड मानून घे.) देवाच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहेत. माझा गुडघा पाऊस येणार म्हणून सांगतो आणि बहुधा खोटं सांगतो. तुझी आईही ठीक आहे. ब्वेनोस आयरेसचं काम टाकून धावत येण्याची मुळीच गरज नाही.

तिची नजर पार गेल्याचं मागे कळवलंच होतं. एकेचाळीस वर्षं कुरुसु आराच्या सणाला अंगणातल्या क्रुसापुढे तिने आपल्या वहीतून प्रार्थना सांगितली, आणि गेल्या वर्षी तीच वही मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. (पाठ आहे तिला सगळं, पण एक ओळ मागेपुढे झाली की तिचा जीव घाबरा होतो.) शहरातून भोंगेवाला प्रार्थनेकरी आणला, त्याने सगळे संत अठरा मिनिटांत उरकले. घरी जाताना ती मला म्हणाली, “पुढच्या वर्षी मी सांगेन, नाहीतर क्रूस सजवूच नका.” तिचा एवढा एकच हट्ट मी आजवर ऐकला.

यातून वाट काढली देओलिंदाने. सकाळी चिपाचे पाव भाजते आणि दुपारी भट्टीमागच्या खोलीत लोकांचे मोबाईल दुरुस्त करते ती. तिने सांगितलं की लिहिलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे, त्याचा सगळा कोड जगाला खुला आहे, तो घ्यायचा आणि आपल्याला हवं तसं ॲप घडवायचं. मी विचारलं, मालक कोण? म्हणाली, सगळेच. आपल्या ग्वारानी भाषेतले नाकातले सूर कसे काढायचे याचे नियमसुद्धा कुणीतरी आधीच लिहून ठेवले होते. कोण, कुठला, काही पत्ता नाही. वाटेवरच्या क्रुसाशी पाण्याचा घडा भरून ठेवतात आणि आपल्या वाटेने निघून जातात, त्यातलाच तो. त्या रात्री माझ्या प्रार्थनेत मी त्याला बिननावाचा घातला.

ॲप काही चटकन घडलं नाही. चार दिवस कंप्युटर नुसत्या लाल ओळी दाखवी. पाचव्या दिवशी चूक सापडली: देओलिंदाने कामाच्या फोल्डरला ‘दोन्या कासिमिरा’ असं आदराने दोन शब्दांत नाव दिलं होतं, आणि त्या यंत्राला मध्ये जागा सोडलेलं नाव चालत नाही. ‘दोन्या’ काढलं की काम होणार होतं. पण वडीलधाऱ्या बाईचं नाव असं उघडंबोडकं लिहायचं कसं? चिपाची टोपली घेऊन ती परवानगी मागायला तुझ्या आईकडे गेली. आईने बराच विचार करून दिली, पण फक्त यंत्राच्या आतपुरती. त्याच संध्याकाळी ॲप तयार झालं.

मोबाईलवर चढवताना तो बजावू लागला की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका होऊ शकतो. मी ते वाचून दाखवलं. “अनोळखी?” तुझी आई म्हणाली. “ह्या देओलिंदाची नाळ मी कापलीय. सांग त्याला.” मी ‘होय’ दाबलं.

आवाज म्हणशील तर पत्र्याच्या डब्यात बसलेल्या बेडकाचा. आई म्हणाली, तुझे वडील कवळी काढून असेच बोलायचे, आणि त्या दिवसापासून तिला तो आवडायला लागला. तक्रार एकच: लोकांनी उत्तर द्यायच्या आत तो पुढे धावे. “याला कुठली बस गाठायचीय?” मग देओलिंदाने पुन्हा बांधणी केली. आता दर कोऱ्या ओळीला तो एक उत्तर होईल इतका थांबतो.

वही टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पवित्र वहीतलं एक अक्षर गाळायची छाती झाली नाही. समासात बारीक अक्षरात होतं तेही, अर्थाकडे न बघता, एकेक अक्षर करून घातलं, कोऱ्या ओळीसुद्धा मोजून सोडल्या. (आई एका कानात तार घालून ऐके, आणि मध्येच हसे. मी ते भक्तीचं हसू समजलो.)

तीन मेला ती उभी राहिली. एका कानात बेडूक, तोंडाने तिचा तोच जुना आवाज. माझे डोळे भरून आले. अर्ध्यावर कानातली तार क्रुसावर टांगलेल्या चिपा-शेंगदाण्यांच्या माळेत अडकली, मोबाईलमधून निसटली, आणि मोबाईल मोठ्याने बोलू लागला. “इथे पाणी पी. इथे आगापितोकडे बघ, तो क्रुसावरचा चिपा तोडतो.” सगळं अंगण आगापितोकडे वळलं, त्याचं तोंड भरलेलंच होतं. “इथे तेओदोसियो रडेल, लक्ष देऊ नको.” मी रुमाल खिशात घातला. लोक हसून लोटपोट. आणि मग तो म्हणाला, “इथे थांब. माझा सिन्फोरियानो उशिरा उत्तर देतो.”

त्यापुढे पाच कोऱ्या ओळी होत्या. मीच मोजून सोडलेल्या. मोबाईल थांबला, आम्ही सगळे थांबलो. आगापितोने हॅट काढली. उत्तर कुणीच दिलं नाही. ते आमचं नव्हतंच. मग बेडूक पुढे गेला, आणि तुझी आई त्याच्यामागून शेवटच्या आमेनपर्यंत गेली. पुढल्या वर्षी भोंगेवाला नको, हे तिथेच ठरलं.

घरात सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
तेओदोसियो

ता.क. देओलिंदा म्हणते, तू उत्तर रेकॉर्ड करून पाठवलंस तर त्या पाच ओळींत ते बसवता येईल, सोपं आहे. मी तिला नको म्हटलं.

दुसरा ता.क. वर ‘येण्याची गरज नाही’ असं लिहिलंय, ते सभ्यपणापोटी. ते वाचू नकोस.

तिसरा ता.क. हे पत्र टाईप करून, चुका कळाव्यात म्हणून मी बेडकाकडून वाचून घेतलं. तुझी आई शेजारीच तेरेरे पीत बसली होती, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, “त्याला कळव, मी काही बोलावलेलं नाही.” मी विचारलं, मग त्या कोऱ्या ओळी काढून टाकू का? तिने पेला रिकामा करून माझ्या हातात दिला. “राहू देत. बेडकाला काही बस गाठायची नाहीये.”