बिनतेलाचं इंजिन

बाळा,

दुपारपर्यंत माझं मौन असतं, म्हणून लिहून ठेवते. गवत कापायच्या गाडीचं इंजिन बाबांच्याच हातून जाम झालंय. जुनं तेल काढलं आणि नवं घालायचं विसरले. जन्मभर लोकांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस! काल मलाच विचारत होते, "कुठल्या गाढवाने बिनतेलाची चालवली गं?" मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस रे.

नवं इंजिन आपल्याला परवडायचं नाही. शेडमधल्या तसल्याच दुसऱ्या मोडक्या गाडीचा पिस्टन मी पुसून फडक्यात बांधून ठेवलाय, तोच बसव. त्यावरच्या रिंगा तेवढ्या नव्या आण.

तेल मात्र तू ओतू नकोस. डबा बाबांच्या हातात दे आणि शेजारी उभा राहा.

आई